बेट राखायला खर्च किती? चोडणवरून मांडलेला एक हिशोब

बेटावरचा निसर्ग वाचवायचं ठरलं की गावात सगळ्यात आधी रोपांचा भाव विचारला जातो. पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आलेला असतो, कुठल्यातरी कंपनीकडे थोडा निधी उरलेला असतो, आणि फेरीबोटीत रोपं चढवतानाचे फोटो छान येतात. या लेखात रोपांचा भाव आहे, पण तो बराच खाली. नदीमुखातल्या बेटावर पैसा आधी घालायचा तो पाण्याच्या वाटेवर: बांधावर, मानशीवर (म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर) आणि ती दारं सांभाळणाऱ्या माणसावर. उरलं तर बाकीचं.

हिशोबासाठी चोडण घेऊ या. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की लागतं ते हे बेट. पश्चिमेच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली घोषित झालेलं, १.७८ चौरस किलोमीटरचं. बहुतेकांना चोडण म्हणजे एवढंच माहीत असतं. अभयारण्याचा खर्च वनखातं करतं, त्याची चिंता पंचायतीने करायची नाही. पण पाणमांजराला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. ते मासे धरायला खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांतल्या, तळ्यांवर येतं, बांधाच्या पोटात, मुळांच्या आडोशाला राहतं. खंड्या, बगळे, घारी, हिवाळ्यात उतरणारे तुतवार आणि चिखल्या यांचं जेवणखाण अभयारण्याबाहेरच्या चिखलावर आणि शेतांवरही चालतं. म्हणजे बेटाची बरीचशी जैवविविधता शेतकऱ्यांच्या, कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) आणि कूळ संघाच्या (जमीन कसणाऱ्या कुळांची संघटना) जमिनीवर जगते. आराखडा करायचा तो या जमिनीचा. दिवाडी, जुवे, कुंभारजुवे या शेजारच्या बेटांनाही हाच हिशोब लागू पडतो, आणि थोड्याफार फरकाने रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठच्या खारभूमीलाही. तिथे जिला उघाडी म्हणतात, तिला गोव्यात मानस म्हणतात.

खाली दिलेल्या रकमा २०२५ च्या आसपासचा गोव्यातला बाजार धरून केलेले अंदाज आहेत. सरकारी शुल्कं आणि दर जिथे आहेत तिथे तसं सांगितलं आहे. आपल्या गावाचे भाव घालून बेरीज पुन्हा करावी.

समिती: शुल्क शून्य

जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी, त्यामुळे ती कागदावर तुमच्या पंचायतीतही असणार. २०२३ च्या दुरुस्तीनंतर समितीत सातपेक्षा कमी आणि अकरापेक्षा जास्त सदस्य नसावेत अशी मर्यादा आहे. समिती नेमायला काही शुल्क नाही. प्रश्न आहे तो तिच्यात कोण बसतं याचा. सरपंचांच्या मर्जीतली नावं भरली तर समिती फुकट मिळते आणि फुकटच जाते. बेटावर किमान चार माणसं समितीत हवीतच: मानशीवर काम केलेला एक जण, होडी असलेला एक मासेमार, चिखलातून खुबे-तिसऱ्या वेचणारी एक बाई आणि शेत अजून कसणारा एक शेतकरी. पदवीधर तरुण आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

समिती आहे की नाही, तिच्या बैठका झाल्या का, खात्यात किती पैसे आहेत, हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, छायाप्रतीचे पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. या अर्जात लोकजैवविविधता नोंदवहीची प्रतही मागा. आराखड्याचं खरं काम तिथून सुरू होतं.

नोंदवही: साडेतीन लाख, आणि एक पूर्ण वर्ष

गावात काय उगवतं, काय उडतं, काय पोहतं, कोण कशाचा उपयोग करतं आणि काय दिसेनासं झालं, याची लोकांच्या तोंडून केलेली नोंद म्हणजे ही नोंदवही. कल्पना उत्तम होती. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांवर महिन्याला १० लाखांचा भार टाकायचं ठरवलं. देशभरात लगीनघाईने नोंदवह्या तयार झाल्या. अनेक ठिकाणी ठेकेदार संस्थेने एका तालुक्यासाठी एक यादी केली आणि मुखपृष्ठावर गावाचं नाव तेवढं बदललं.

तुमची नोंदवही कोणत्या जातीची आहे ते दहा मिनिटांत कळतं. माशांच्या पानावर चोणक, शेवटा, काळुंदर ही नावं आहेत की पाठ्यपुस्तकातली शास्त्रीय नावं नुसती ओळीने छापली आहेत? भाताच्या पानावर खारं पाणी सोसणारा कोरगूट आहे का? कुठला मासा कोणत्या महिन्यात मानशीवर येतो ते लिहिलं आहे का? शेवटी, माहिती देणाऱ्यांची यादी पाहा. त्यांतल्या दोघांना विचारा, कुणी आलं होतं का. चारही ठिकाणी निराशा झाली तर नोंदवही नव्याने करायची, आणि ती चार ऋतूंत करायची. उन्हाळी सुट्टीत उरकलेल्या नोंदवहीत हिवाळी पाहुणे नसतात आणि पावसाळ्यात अंडी घालायला चढणारे मासेही नसतात.

एका पंचायतीएवढ्या बेटासाठी वर्षभराचा खर्च असा बसतो. साहित्य ५८ हजार: त्यात दोन बऱ्यापैकी दुर्बिणी २४ हजार, दोन कॅमेरा ट्रॅप ३० हजार, पाण्यातली खारटपणाची पातळी मोजणारं हातातलं उपकरण ३ हजार आणि रंगवलेल्या मोजपट्ट्या, मानशीजवळ रोवायला, हजारभर. गावातल्या वीस जाणत्यांना प्रत्येक ऋतूत एक बैठक, बैठकीला ५०० रुपये मानधन, म्हणजे ४० हजार. हे मानधन वाचवू नका. ज्ञान विनामूल्य घ्यायचं आणि अहवाल छापायला पैसे द्यायचे, ही रीत या क्षेत्रात फार बोकाळली आहे. गावातलेच दोन तरुण अर्धवेळ नोंदणीसाठी, महिन्याला प्रत्येकी ६ हजार: वर्षाचे १ लाख ४४ हजार. महिन्यातून दोनदा होडी, दिवसाचे २ हजार धरून ४८ हजार. जाणकार परिस्थितिकीतज्ज्ञाच्या सहा फेऱ्या, मानधन आणि प्रवास मिळून ३६ हजार. छपाई, बैठका, चहा-भजी २४ हजार. एकूण साडेतीन लाख.

यात नकाशांना रक्कम धरलेली नाही, कारण ती लागत नाही. युरोपीय उपग्रह सेंटिनेल-२ च्या प्रतिमा दर पाच दिवसांच्या आसपास मिळतात, दहा मीटरपर्यंतचा तपशील देतात आणि फुकट आहेत. लँडसॅटचा साठा १९७२ पासूनचा आहे, तोही फुकट. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर, बाकी सगळ्यांच्या इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर, दोन्ही विनाशुल्क. कुणी 'सॅटेलाइट मॅपिंग' नावाचं मोठ्या रकमेचं कोटेशन दिलं तर कशाचे पैसे मागताय हे जरूर विचारा. प्रतिमा वाचणाऱ्या माणसाच्या वेळेचे पैसे देणं रास्त आहे, प्रतिमेचे नाही. कॅमेरा लावताना मात्र जमीनमालकाची लेखी संमती घ्या, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय एकही लावू नका.

कुठे भात, कुठे खारफुटी

आराखड्यातलं सगळ्यात अवघड पान हे. पैशांत त्याची किंमत जवळजवळ नाही, भांडणांत मात्र भरपूर आहे.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला मानशीच्या दारांतून बाहेर सोडायचं, पावसाने मीठ धुतलं की भात घ्यायचा आणि मानशीपुढच्या खोलगट भागात, म्हणजे पोंयीत, मासे वाढू द्यायचे. भरती आली की दारं पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. एकाच जमिनीत भात, मासे, बगळे आणि पाणमांजर अशी ही शतकानुशतकांची व्यवस्था. तिला निसर्ग म्हणायचं की शेती, हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो, तिथल्याला नाही.

आता बांध फुटला आणि दोन वर्षं कुणी बांधला नाही असं समजा. खारं पाणी आत येतं, भात संपतं आणि पाच-सात वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत हजार चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा राखीव पट्टाही आहे. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने खाजगी जमिनीवरच्या कांदळवनालाही हे कवच दिलं. मग शेतकऱ्याची मुलं परत आली, बांध बांधून पुन्हा भात लावू म्हणाली, तर कोयता लावल्याबरोबर गुन्हा. दोन्ही बाजूंचं खरं आहे, आणि दोघे मिळून हरतात. कारण खाजनातलं गोडं-खारं मिश्र पाणीही जातं आणि बांधाबाहेरची, लाटांचा मार झेलणारी खारफुटीही दुर्लक्षित राहते.

म्हणून बांध फुटण्याआधीच नकाशावर ठरवायचं: ही शेतं आपण कसणार, इथे बांध राखणार, ही शेतं आपण सोडली, इथे खारफुटी येऊ देणार, आणि हा उघडा चिखल कुणीही भरणार नाही, लावणारही नाही, हा पक्ष्यांचा. तीन रंग पुरतात. जुन्या लँडसॅट प्रतिमा शेजारी ठेवल्या तर कुठली शेतं कधी बुडाली ते सगळ्यांना एकदम दिसतं आणि 'आमचं तर कालपर्यंत भात होतं' हा वाद निम्मा मिटतो. नकाशावर कूळ संघाची, कोमुनिदादीची आणि ग्रामसभेची मंजुरी घ्या, एकाची नाही, तिघांचीही. खर्च: चार बैठका, एक मोठा प्रिंट, फार तर १० हजार. वेळ: सहा महिने, आणि त्यात गणेशचतुर्थी आली तर सात.

बांध आणि मानस: वर्षाला पाच लाख

नियमित खर्च इथे आहे, आणि तो दरवर्षी आहे. आपल्याकडे एकदाच खर्च होणाऱ्या गोष्टींना निधी मिळतो, दरवर्षी लागणाऱ्या गोष्टींना मिळत नाही. बेटाचं नुकसान बहुतांशी या एका सवयीने होतं.

तीन मानशी आणि तीन किलोमीटर मातीचा बांध धरा. प्रत्येक मानशीवर एक जबाबदार माणूस, महिन्याला ६ हजार: वर्षाचे २ लाख १६ हजार. खेकडे बांधाला भोकं पाडतात, ती हेरून चिखलाने बुजवणं, खचलेली कड वर घेणं, हे काम एप्रिल-मेमध्ये, मृगाचा पाऊस लागायच्या आत. किलोमीटरला चार माणसं, पंचवीस दिवस, दिवसाला ८०० रुपये: ८० हजार, तीन किलोमीटरचे २ लाख ४० हजार. मानशीची दारं लाकडाची, खाऱ्या पाण्यात कुजतात. बदलायचा निधी म्हणून वर्षाला ५० हजार बाजूला. बेरीज ५ लाख ६ हजार.

रोजगार हमीत हे बसवता येईल का, असं नेहमी विचारलं जातं. २०२५-२६ साठी गोव्याचा दर दिवसाला ३७८ रुपये होता, महाराष्ट्राचा ३१२. त्या पैशांत बेटावर कमरेएवढ्या चिखलात उतरायला माणूस मिळत नाही. अंदाजपत्रक त्या दराने केलं तर काम कागदावरच होतं. कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडून बांधदुरुस्तीला मदत मिळते, तिथे अर्ज जरूर करावा; पण सरकारी काम पावसाआधी पूर्ण होईल यावर विसंबू नये. खेकड्याचं भोक वेळेत बुजवायला एक टोपली चिखल लागतो. तेच भगदाड झालं की यंत्र आणि बार्ज येते आणि आकडा लाखांत जातो, दर भरतीला वाढत.

भगदाडानंतर हमखास एक प्रस्ताव येतो: मातीचा बांध काढून काँक्रीटची किंवा चिऱ्याची पक्की भिंत. खर्च किलोमीटरला कोटींच्या घरात. ज्या वळणावर प्रवाहाचा आणि बार्जच्या लाटांचा थेट मार बसतो, तिथे दगडी तोंड देणं समजण्यासारखं आहे, जुने लोकही द्यायचे. संपूर्ण बांधच भिंत झाला तर पाणमांजराला बीळ नाही, खेकड्याला जागा नाही, बाहेरच्या अंगाला खारफुटीची मुळं धरत नाहीत. पाणमांजर २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचं घर मोडायला आपण सरकारी पैसा मागतो, हे अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही एवढंच.

मानशीचा लिलाव

पाच लाख आणायचे कुठून याचं अर्धं उत्तर मानशीतच आहे. मानशीवर जाळं लावून मासे-कोळंबी धरायचा हक्क लिलावाने दिला जातो. १९७५ च्या नियमांनुसार बनलेले कूळ संघ अनेक ठिकाणी हा लिलाव करतात आणि त्या पैशांतून बांध राखणं त्यांचं काम असतं. हिशोबावर मामलेदारांची देखरेख असते.

गडबड होते ती इथेच. लिलाव घेणाऱ्याला मासे जास्त हवेत, म्हणून दारं नको तेव्हा उघडी राहतात आणि खारं पाणी शेतात चढतं. शेती बुडाली की शेतकरी संघातून उठतो, उरतो तो लिलाव. मग बांधाकडे कोण बघणार? काही ठिकाणी तर शेत नापीक होणंच फायद्याचं ठरतं.

यावर उपाय स्वस्त आहे. लिलावाच्या करारात चार अटी घाला. भात उभं असताना दारांची किल्ली लिलावदाराकडे नाही, नेमलेल्या माणसाकडे राहील. मोजपट्टीवर ठरवलेल्या खुणेवर खारं पाणी गेलं तर अनामत जप्त. बारीक आसाचं जाळं चालणार नाही. आणि रकमेचा निम्मा वाटा आधी बांधाच्या खात्यात जमा होईल, मग उरलेल्याचं वाटप. करार स्टँप पेपरवर करायला आणि वकिलाकडून वाचून घ्यायला पाच-सात हजार लागतील. संपूर्ण आराखड्यात इतक्या कमी पैशांत इतकं काम करणारी दुसरी बाब मला दिसत नाही. लिलावाची बोली थोडी उतरेल. उतरू द्या.

रोपं, उंदीर आणि इतर मोह

आता रोपांचा भाव. पिशवीतलं खारफुटीचं रोप रोपवाटिकेत २०-३० रुपयांना पडतं, होडीने नेणं आणि चिखलात लावणं धरून दुप्पट-तिप्पट. हजार रोपांना ६०-७० हजार सहज जातात. केंद्राच्या २०२३ साली सुरू झालेल्या मिष्टी योजनेमुळे या कामाला निधीही उपलब्ध आहे, त्यामुळे उत्साह वाढला आहे. पण बेटाभोवती आधीच खारफुटी असेल, तर तिच्या शेंगा भरतीबरोबर वाहत येतात आणि जिथे रुजायच्या तिथे फुकट रुजतात. जिथे त्या आपणहून रुजत नाहीत, तिथे बहुधा पाण्याची वाट अडलेली असते किंवा चिखल फार खोल असतो. तिथे माणसाने लावलेलं रोपही मरतं. आणि जो उघडा चिखल 'रिकामा' दिसतो, तो हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेल्या पाणपक्ष्यांचं ताट असतो. त्यावर रोपं लावणं म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा उभारण्याचा खर्च. रोपांचे पैसे कुणी देतच असेल तर ते तुंबलेला ओहोळ मोकळा करायला वळवता येतील का ते विचारा.

डोंगराळ भागावर रानमोडी, घाणेरी माजली असेल तर ती उपटणं चांगलं काम आहे. तीन वर्षं सलग करायची तयारी असेल तरच सुरू करावं, एकदा कापून थांबलात तर ती दुप्पट येते.

दुसरा मोह परदेशी उदाहरणांचा. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरून उंदीर समूळ काढायला सुमारे १ कोटी पौंड लागले, २०१८ साली बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि तिथल्या पक्ष्यांना जीवदान मिळालं. काम थोर आहे. आपल्या बेटावर दिवसभर फेरीबोट फिरते, तिच्यातून सिमेंट, धान्य आणि त्याबरोबर उंदीरही येतात. जिथे परत येण्याची वाट उघडी आहे तिथे समूळ उच्चाटनाचा पैसा पाण्यात. त्यापेक्षा कचरा उचलण्याची व्यवस्था नीट करा, उंदीर आणि भटकी कुत्री दोन्ही कमी होतील. कुत्र्यांचं निर्बीजीकरण करणाऱ्या संस्थेला वर्षातून दोनदा बेटावर बोलवा, त्यांची फेरीबोट आणि जेवण पंचायतीने उचलावं.

वारसास्थळ आणि कज्जा

जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करू शकतं. शेजारच्या डिचोली तालुक्यात सुर्ल येथील पूर्वतळी राई अशी घोषित झाली आहे, आणि सिंधुदुर्गातल्या बांबर्डे-हेवाळेची रानजायफळाची दलदलही. प्रस्तावाला शुल्क नाही. लोकांचे चालत आलेले हक्क या घोषणेने काढले जात नाहीत, त्यामुळे त्या भीतीने विरोध करू नये. मात्र दर्जाबरोबर पैसे येतात असंही समजू नये. आसामातल्या माजुलीला २०१७ साली हा दर्जा मिळाला; ब्रह्मपुत्रेने काठ खायचं थांबवलेलं नाही.

कुणी भराव घालत असेल तर? पहिली तक्रार किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, फोटो, तारीख आणि सर्व्हे नंबरासह, खर्च टपालाचा. २०११ च्या किनारा अधिसूचनेत गोव्यासाठीच्या खास तरतुदींत खाजन जमिनी राखाव्यात आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा. काही हाललं नाही तर राष्ट्रीय हरित लवाद, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १ हजार रुपये. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, एखाद्या परवानगीविरुद्धचं अपील ३० दिवसांत. तारखा उलटल्या म्हणून बाद झालेली चांगली प्रकरणं पुष्कळ आहेत. वकिलाची फी आणि पुण्याच्या फेऱ्या धरून ५० हजार ते दीड लाख हाताशी ठेवावे लागतील. नगरनियोजन खात्याच्या जमीनवापर बदलाच्या नोटिसा दर आठवड्याला वाचायला काही लागत नाही, आणि मुदतीत दिलेली एक हरकत पुढचे दीड लाख वाचवू शकते.

पैसा कुठून

पहिल्या वर्षी नोंदवही, नकाशा आणि बांध मिळून साधारण पावणेनऊ लाख, नंतर दरवर्षी पाच लाखांवर थोडं. लिलावाचा निम्मा वाटा हा पाया. जैविक विविधता कायद्याच्या कलम ४३ खालचा स्थानिक जैवविविधता निधी पंचायतीने उघडलेला असायला हवा, नसेल तर ठराव करून उघडा. राज्य जैवविविधता मंडळाचं अनुदान त्यातच येतं. व्यापारी कारणासाठी गावातून जैविक संपत्ती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार समितीला कलम ४१ ने दिला आहे, बहुतेक समित्या तो कधी वापरत नाहीत. वित्त आयोगाच्या अनुदानातला बंधनमुक्त हिस्सा गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो.

कंपन्यांचा सामाजिक निधी नोंदवहीसाठी मागा, बांधासाठी नको. एक वर्षाचं, फोटो आणि अहवाल असलेलं काम त्यांना सोयीचं असतं. मानशीवाल्याच्या पगाराला कंपनीचा पैसा लावला तर तिसऱ्या वर्षी त्यांचं धोरण बदलतं आणि माणूस घरी बसतो. पक्षी दाखवणाऱ्या होड्यांकडून फेरीमागे थोडी रक्कम घेता येईल, पण होड्यांची संख्या आधी ठरवा आणि मग दर.

हातात फक्त ५० हजारच असतील तर दुर्बीण नको, अहवाल नको. ज्या मानशीची दारं सगळ्यात वाईट स्थितीत आहेत ती दुरुस्त करा आणि उरलेल्या पैशांत एका माणसाला पावसाळाभर तिथे नेमा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्या माणसाचं नाव आणि पगार यांचा ठराव घालायला सचिवांना आधी लेखी कळवावं लागतं. ते पत्र या आठवड्यात द्या आणि पोच घ्या.